नाव घातलेली सुरी

ठाणे कारागृह,
१८ जानेवारी २०२६

ती. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक. डाळ पातळ, दिवस जाड. आईचे गुडघे कसे आहेत?

वकील येऊन गेले. दहा फेब्रुवारीला तुझी साक्ष. आपली सुरी दाखवतील. आईची हौस नडली बघ! नाव घालणारा मशीन घेऊन बिल्डिंगखाली आला की ही चिमटासुद्धा न्यायची. मी म्हणायचो, माझ्या कपाळावर पण घाल. ती म्हणायची, नाव असलं की भांडं फिरून घरी येतं.

तर ताई, सुरी ओळखू नकोस. सुरीवर आईचं नाव असलं तरी विमल नावाच्या बायका छप्पन्न आहेत. पोलिसांना तेव्हा घाबरून हो म्हणाले, असं सांग. दुकानदार जितेंद्रभाईंचा तळवा त्यांच्याच दुकानातल्या काचेने कापला, असं आमचं म्हणणं आहे. नुसती लूट धरली तर जज तीन-चार वर्षंही देऊ शकतात, त्यातलं सव्वा वर्ष झालंय. हत्यार लागलं तर सात. सातच्या खाली जजनाही जाता येत नाही, कायद्यातच आहे.

तुझ्या एका 'नाही'वर आहे सगळं. लोभ आहे म्हणूनच मागतोय.

तुझा,
अमोल

शांती नगर, मीरा रोड,
११ फेब्रुवारी २०२६

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

आधी मुद्द्याचं सांगते. सुरी आमचीच, असं मी काल कोर्टात सांगितलं.

मी काही हरिश्चंद्र नाही रे. रिक्षात दहादा 'नाही' म्हणून बघितलं होतं. बाहेर बाकावर जितेंद्रभाई बसले होते. त्यांनी हिंदीतच आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांची मूठ अजून वळत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी उघडून दिली आणि आत गेले.

सुरी कापडातून काढली. मुठीवर ठिपक्यांनी 'सौ. विमल, १४-५-२००१'. तुझ्या बारशाची तारीख. ओळखता का, विचारलं. हो म्हटलं, कोथिंबीर चिरायची. कोथिंबिरीचं कुणी विचारलंही नव्हतं.

रडू आलं नाही. घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा लगदा झाला. आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. गुडघे तसेच.

रागाव, शिव्या दे, पण उत्तर टाक.

तुझी,
ताई

ठाणे कारागृह,
२८ एप्रिल २०२६

ती. ताईस,
शि. सा. न.

दोन महिने लिहिलं नाही. राग होता. आता तोही नाही, काहीच नाही.

काल सात वर्षं सुनावली. जज म्हणाले, पहिलाच गुन्हा आहे, वय बघता कमी दिली असती, पण तेवढी मोकळीक कायद्याने ठेवलेली नाही. मी वरचा पंखा बघत होतो. एक पातं वाकडं होतं. सुटायची तारीख ८ सप्टेंबर २०३१.

तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगतो. काच नव्हती. त्यांनी माझा हात धरला आणि मी सुरी ओढली. तू 'नाही' म्हणाली असतीस तर काचेचं मलाही खरं वाटायला लागलं असतं.

इथे माझ्या ताटावर नंबर आहे. आईला हे सांगू नकोस.

तुझा,
अमोल

शांती नगर,
१५ मे २०२६

चि. अमोल यास,
आशीर्वाद.

ताटाचं आईला सांगितलं. तू नको म्हणालास, पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे आता कोर्टालाही माहीत आहे.

 काल ती जिना उतरून स्वतः गेली, नवं ताट घेतलं आणि नाव घालणाऱ्याच्या टपरीवर जाऊन बसली. मी पिशवी धरून मागे. 'चि. अमोल, आईकडून' लिहायला सांगितलं आणि तारीख ८-९-२०३१. तो म्हणाला, आजी, साल चुकलंय तुमचं. आई म्हणाली, चुकलं नाही, घाल. त्याच्या आधीची मिळत नाही.

येताना तिने माझा हात धरला. तीन महिन्यांनी.

ताट फळीवर आहे. त्यात कुणी जेवत नाही. पण रोज भांडी घासताना आई तेही घासायला घेते.

माया आहे तशीच आहे, तूही ठेव.

तुझी,
ताई