घरचा फोटोग्राफर

४ मार्च

मेहुणीच्या लग्नाचे फोटो मीच काढायचे, हे आज सासऱ्यांनी मान्य केलं. सासरे निवृत्त हेडमास्तर. मी त्यांना मनात हेडमास्तरच म्हणतो, मोठ्याने कधी नाही. त्यांचं म्हणणं होतं की चौकातल्या स्टुडिओवाल्याला सांगू, तो निदान वेळेवर येतो. 'निदान' हा शब्द मी लक्षात ठेवला. हिने माझी बाजू घेतली. घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला, असं म्हणाली आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

मी अजिबात घाबरलेलो नाही. लग्नांचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे. संध्याकाळी कॅमेरा चार वेळा पुसला, तो नवीन लेन्सवर धूळ फार बसते म्हणून.

संकल्प: या वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघायचं नाही. फोटो काढला की लगेच मान खाली घालणारा फोटोग्राफर म्हणजे पेपरात शेजाऱ्याचं बघणारा विद्यार्थी. मोठ्या लोकांना न बघता माहीत असतं.

९ मार्च

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ठीक आहेत, पण लग्नाला येता येणार नाही. तारीख पुढे नेता येत नाही. नवरामुलगा लग्न झाल्या झाल्या परदेशी नोकरीवर हजर होणार, मेहुणीही बरोबर जाणार, तिकिटं काढलेली. हॉस्पिटलच्या खोलीत सगळ्यांचे डोळे ओले. शेवटी सासूबाईच पलंगावरून म्हणाल्या, अहो, करा लग्न, रडताय काय, मी फोटोत बघीन. आणि माझ्याकडे बघितलं.

मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या भरायला बाहेर गेलो. तो भरलेलाच होता.

१२ मार्च

हिची कल्पना: लग्न चालू असताना आईला मोबाईलवर थेट दाखवू. मी साफ नाही म्हटलं. एकाने मोबाईल काढला की शंभर जण काढतात, हात वर करून मध्ये घुसतात आणि फ्रेमची वाट लागते. आपली एकच अट, हॉलमध्ये मोबाईल बंद. हेडमास्तरांना हे फारच आवडलं. दारात पाटी लावतो म्हणाले, आणि स्वतः उभा राहतो. लग्न ठरल्यापासून त्यांनी माझं ऐकलेली ही पहिली गोष्ट.

ही म्हणाली, आईपुरता एक तरी राहू दे. मी समजावलं की हलत्या, अडकत्या व्हिडिओत अर्धवट बघण्यापेक्षा आईंच्या हातात थेट अल्बमच ठेवू. ही म्हणाली, बघ बाबा. याला मी संमती धरली.

१७ मार्च

लग्न नोंदणी पद्धतीने होणार, तो हॉल बघून आलो. नवाकोरा. छतभर एलईडी दिव्यांच्या रांगा, लख्ख उजेड. असा लाइट मिळायला नशीब लागतं. चार-पाच फोटो काढून बघितले. हेडमास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, जावईबापू, अंगठ्या आणि सह्या होताना हा टकटकाट चालणार नाही. पोरगी काय बोलते ते मला ऐकायचंय.

मी लगेच म्हणालो की कॅमेऱ्यात सायलेंट मोड आहे, फोटो निघाल्याचं तुम्हाला कळणारसुद्धा नाही. ते म्हणाले, उत्तम. 

सायलेंट मोड आजवर कधी वापरला नाही, पण त्यात वापरायचं काय असतं? एक बटण. मॅन्युअल वाचणं हे हौशी लोकांचं काम. घरी येऊन मॅन्युअल शोधलं, फक्त बघायला. सापडलं नाही.

२१ मार्च, सकाळ

आज लग्न. झोप लागली नाही, ती उत्साहाने. बॅटऱ्या भरल्या. कार्डं रिकामी केली. मग रिकामी आहेत ना हे बघितलं. मग परत बघितलं. ही म्हणाली, तुझा चेहरा पांढरा पडलाय. म्हटलं, बाथरूमचा लाइटच तसा आहे.

२१ मार्च, संध्याकाळ

अप्रतिम! आयुष्यातलं सर्वोत्तम काम. मोबाईल एकही नाही, समोर मोकळी फ्रेम, लख्ख उजेड आणि कॅमेऱ्याचा आवाज शून्य. अंगठ्या, सह्या, मिठ्या, सगळं गुडघ्यावर बसून, अगदी जवळून टिपलं. हेडमास्तर माझ्या मागे हातभर अंतरावर होते, त्यांचे बूट डोळ्याच्या कोपऱ्यातून सारखे दिसत होते, तरी डगमगलो नाही. स्क्रीनकडे एकदाही बघितलं नाही. संकल्प पूर्ण.

निघताना हेडमास्तरांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुम्ही आहात हे जाणवलंच नाही. जन्मात पहिली शाबासकी. आता अल्बम करून हॉस्पिटलमध्ये जायचं आणि सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी बघायचं.

२२ मार्च

फोटो कॉम्प्युटरवर घेतले. बाहेरचे छान आलेत. जेवणाचे, खिडकीजवळचे, उत्तम. रिकाम्या खुर्च्यांचा एक तर स्पर्धेला पाठवावा असा आहे.

हॉलमधल्या सगळ्यांवर काळे पट्टे आहेत. आडवे. वरपासून खालपर्यंत, पायजम्याच्या कापडासारखे. आधी स्क्रीन पुसला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग हिच्या कॉम्प्युटरवर लावून बघितले. तिथेही आहेत.

पाणी प्यायलो.

२३ मार्च

वाचून काढलं. एलईडी दिवे सारखे मिचकत असतात म्हणे, इतक्या भरभर की डोळ्यांना कळत नाही. आणि सायलेंट मोडमध्ये कॅमेरा फोटो एकदम न घेता ओळीओळीने उतरवतो. ज्या ओळीला दिवा मिटलेला, ती ओळ काळी. मागच्या स्क्रीनवर हे पहिल्याच फोटोत दिसलं असतं. नवशिक्यांच्या धड्यात पहिल्या पानावर आहे. म्हणूनच मला माहीत नव्हतं.

दोष कोणाचा, हे शांतपणे बघायला हवं. दिवे हॉलवाल्याचे. आवाज नको होता हेडमास्तरांना. कॅमेरा कंपनीचा. माझं फक्त बोट होतं.

मेहुणी आणि तिचा नवरा आज दुपारच्या विमानाने गेले. निरोप द्यायला गेलो नाही. डोकं दुखत होतं.

२७ मार्च

सासूबाई घरी आल्या. हेडमास्तरांचा फोन: झालं का? मी म्हणालो, कलर ग्रेडिंग चालू आहे. ते म्हणाले, म्हणजे काय? मी समजावलं की फोटोंचे रंग सुधारतोय. ते म्हणाले, बरं.

२८ मार्च

फोन: झालं का ग्रेडिंग?

३० मार्च

फोन बंद ठेवतो. बॅटरीला विश्रांती हवी असते.

पट्टे पुसणारं सॉफ्टवेअर आणलं. पट्टे जातात, पण त्यांच्याखाली जे काही असतं तेही घेऊन जातात. एका फोटोत नवरामुलाचं नाक गेलं. दुसऱ्यात सॉफ्टवेअरने मेहुणीला स्वतःच्या अकलेने नवीन तोंड बसवलं, ते नेमकं हेडमास्तरांसारखं आलं. अंगठी घालत असलेले हेडमास्तर बघून मी कॉम्प्युटरच बंद केला.

ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं. पट्टे जास्त उठून दिसतात.

२ एप्रिल

नवी दिशा सापडली. हे पट्टे म्हणजे दोष नाही, शैली आहे. प्रकाश आणि अंधार, सुख आणि वियोग, मुलगी सासरी जाणार वगैरे. अल्बमच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहायच्या, की हा प्रयोग आहे. कलावंताने जगाची माफी मागायची नसते.

हिला सहज विचारलं की आईंना प्रयोगशील फोटोग्राफी आवडते का. ही म्हणाली, तू फोटो दाखव आधी. मी म्हणालो, पहिला हक्क आईंचा. ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बेल वाजली आणि मी चक्क सोफ्यामागे वाकलो. कुरिअरवाला होता. हिने विचारलं, काय करतोयस? म्हटलं, लेन्सचं झाकण पडलंय.

५ एप्रिल

आता स्पष्टच लिहितो, इथे कोण वाचणार आहे. घाबरलोय. पाचावर धारण बसलीय. एका बाईने पोटच्या मुलीचं लग्न बघितलं नाही, आणि ते तिला दाखवायचं काम एकट्या माझ्याकडे होतं. दुसऱ्या कोणाकडे एक फोटो नाही, कारण तशी अट मीच घातली. मोबाईलवर दाखवू म्हणणाऱ्या तिच्या थोरल्या मुलीला नको म्हणणाराही मीच. हे वाचून वही कपाटात मागे सारली. उद्यापासून इतकं स्पष्ट लिहायचं नाही.

८ एप्रिल

हेडमास्तर घरी येऊन बसले. मी पंधरा मिनिटं बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. बाहेर आलो तर तिथेच. म्हणाले, जावईबापू, तिला रात्री झोप नाही. वॉकर धरून दारापर्यंत येते आणि विचारते, आले का फोटो. परवा घेऊन या, असतील तसे.

असतील तसे, हे त्यांचे शब्द आहेत. लक्षात ठेवायचं, पुढे उपयोगी पडेल.

१० एप्रिल

कमीत कमी पट्ट्यांचे फोटो निवडून छापले आणि एकटाच गेलो. हेडमास्तर बँकेत गेलेत हे आधी बघून घेतलं. सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरून, फोटोंसाठी मुद्दाम चांगली साडी नेसून. त्यांनी पहिला फोटो हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, घातला. फोटो जवळ धरला, लांब धरला. दुसरा घेतला. मी प्रयोगशील शैलीवरची दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण त्याऐवजी तिसरा फोटो पुढे सरकवला.

मग त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, कुणाला सांगू नका हं, मला डोळ्यांपुढे काळे पट्टे दिसतायत. ऑपरेशनपासून जरा अंधूक वाटत होतंच. ह्यांना कळलं तर हाय खातील.

मी म्हणालो, नाही सांगत.

त्यांनी फोटो उशीखाली ठेवले. म्हणाल्या, छानच असणार, माझंच नशीब.

संकट टळलं! घरी येताना शीळ घालत होतो. चौकात आल्यावर आपोआप थांबली.

१२ एप्रिल

खरं म्हणजे या वयात डोळे तपासून घेतलेले चांगलेच. एका अर्थी मी त्यांच्या आरोग्याकडे लक्ष वेधलं. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल

सासूबाईंचा फोन, कुजबुजत. मला गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्याल का? तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? आंधळी झाले तर धाकटीला परत कधी बघायची, असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्या पडल्या तेव्हासुद्धा रडल्या नव्हत्या.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, शुक्रवारी अकराला तयार राहा.

संकल्प: गाडीत बसल्या बसल्या सगळं सांगून टाकायचं. डॉक्टरकडे जायची वेळच येऊ द्यायची नाही.

१७ एप्रिल, दुपार

गाडीत ट्रॅफिक फार होता, लक्ष रस्त्यावर ठेवावं लागलं. जिन्यात त्यांचा वॉकर सांभाळायचा होता. बाहेरच्या खोलीत इतर पेशंट होते. मग थेंब घातले आणि त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं. त्या पूर्ण वेळ माझी बाही धरून बसल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी खूप वेळ तपासलं. मग म्हणाल्या, आजी, काहीही झालेलं नाही, डोळे ठणठणीत आहेत, फक्त चष्म्याचा नंबर थोडा बदललाय. पट्टे कधी दिसतात, असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, फोटो बघताना. बाकी कधी? सासूबाईंनी माझी बाही सोडली आणि म्हणाल्या, बाकी कधी नाही.

बाहेर येऊन बाकावर बसलो. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे फोटोच तसे आहेत.

मी हो म्हणालो. हॉलवाला, दिवे, कंपनी, असतील तसे, सगळं तयार होतं. आता ओरडतील किंवा हेडमास्तरांना फोन लावतील म्हणून मान खाली घालून बसलो.

त्यांनी चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, जाऊ दे, डोळे तर शाबूत आहेत. मग माझ्याकडे वळल्या. ह्यांना विचारलं तर म्हणतात, सगळं व्यवस्थित झालं. थोरली दारात पाहुण्यांचं बघत होती. आणि धाकटी फोनवर म्हणते, आई, मला काही आठवतच नाही गं. तुम्ही तर अगदी पुढे होता ना? मग तुम्हीच सांगा. अंगठी घालताना हसली का रडली? काय बोलली?

जीव भांड्यात पडला. एवढंच ना! सांगायला तोंड उघडलं.

आठवेना. कॅमेऱ्यातला फोकसचा हिरवा चौकोन तिच्या डाव्या डोळ्यावर होता, हे आठवलं. त्या डोळ्यात पाणी होतं का, ते नाही. ती काहीतरी बोलली, नक्की बोलली, सगळा हॉल शांत झाला होता. मी तेव्हा हेडमास्तरांचे बूट किती जवळ आलेत ते बघत होतो. नंतर बॅटरी किती उरलीय ते. नवरामुलगा हसला असावा. सह्या आधी झाल्या की अंगठ्या, तेही धड सांगता येईना.

सासूबाई वाट बघत होत्या. थेंबांमुळे त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि त्या माझ्यावर खिळल्या होत्या.

शेवटी मी म्हणालो, लाइट चांगला होता.

त्यांनी हळूहळू मान हलवली. माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, जा, चहा घेऊन या दोघांना.

गेलो. दोन चहा घेतले. परत त्या बाकावर जाऊन बसायची भीती वाटली, म्हणून कप हातात धरून टपरीपाशीच उभा राहिलो.