पुढचे दोन पाय

मिस्त्री, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मी चौथीपर्यंतच शिकलेला, एकेक ओळ खोडत लिहितो. पण सोमवारी ते घड्याळ माझ्या दारात टेम्पोतून उतरलं, म्हणून लिहायला बसलो. तेच, माणसाहून उंच, सागवानी, पुढच्या दारावर शिसमाची पानं आणि पितळी तारेची वेल. तुमच्या हाताखाली शिकताना वेल मी बसवली होती, बरं का. दाराच्या आत तारेनं नाव मात्र तुमचं.

सोबत केनवडच्या, ज्यांना आपण ते करून दिलं, त्या घरची सून होती. म्हणाली, "काका, घरात नवीन फरशी बसवली. याले चालू करून द्या, अन् ते आखूड पाय तेवढे जोडा." घड्याळ केलं तेव्हा तिचा जन्मही नव्हता, तरी आखूड पाय तिला ठाऊक!

आठवतं ना, तेव्हा त्यांच्या ओसरीत घड्याळ उभं करून दोनच महिने झाले होते. ते पुढे कललं, लंबक अडला. बारशाची पंगत बसलेली आहे आणि तुम्ही न मोजता सगळ्यांसमोर ओरडता, "काहून बे, पुढचे पाय आखूड कापले तुनं? चौथी नापास! पट्टी वाचता येत नाई अन् घड्याळ कराले आला!" पंगत हसते. वाढणाराही हसतो. तुम्ही पायांखाली लाकडाच्या दोन चिपा ठोकता आणि जेवायला बसता. त्यानंतर मला कोणी साधा देव्हाराही करू दिला नाही. जन्मभर खाटा केल्या, त्याही रिठदच्या बाजारात लोक उलट्या करून बघायचे, "पाय मोजून घे बाप्पा, याच्या हातची हाये!"

मंगळवारी घड्याळ आडवं केलं, पट्टी लावली. तीनदा. चारही पाय सारखे. पुढच्या दोघांना बोटभर काळा, ओलीचा डाग. ओसरी शेणानं सारवलेली होती, मिस्त्री. दर आठवड्याला सारवणारीचा हात पुढच्या पायांपर्यंत यायचा, मागं भिंतीशी पोचायचा नाही. पुढची जमीन भिजून दबली. खाली फळी टाकायची अक्कल तुम्हाला नव्हती, आणि आखूड मी ठरलो.

मग पटाशीला धार लावली आणि तुमच्या नावाची तार उपटायला घेतली. दोन अक्षरं निघाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दाखवू कोणाला? त्या पंगतीतलं कोणी उरलं नाही.

एक सांगतो, बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. केनवड काही लांब नाही. इतक्या वर्षांत एकदा जाऊन मोजता आलं असतं. गेलो नाही. पाय खरंच आखूड निघाले तर, ही भीती.

चिपा ठोकायला वाकलात तेव्हा ओली जमीन तुमच्या हाताला लागली असेलच. कळलं होतं का तुम्हाला? या पत्रावर पत्ता कोणता घालू, माहीत नाही. पण स्वप्नात या, कसंही कळवा, लवकर कळवा. सून शनिवारी घड्याळ न्यायला येणार आहे. तोवर उरलेली अक्षरं राहू देतो.