'नाही'ची कॉपी

प्रिय ठमे,

शाळेकडून आलेला कागद तू फोनवर वाचून दाखवलास आणि मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला, याचं तुला नवल वाटलं असेल. प्रश्नावलीत म्हणे तुझ्या चिऊला परीक्षेची धास्ती फार दिसते, म्हणून तिला सोपं गणित द्यावं. तिच्या जुळ्या भावाचं मात्र छान चाललंय. सोमवारपर्यंत सही हवी. माझी सत्तरी उलटली, पण या कागदाची भाषा काही म्हातारी होत नाही. कंटाळा आला आहे मला तिचा.

असली प्रश्नावली मी एकतीस वर्षं वर्गात वाटली. पेपरआधी पोटात गोळा येतो का, झोप लागते का, हात थरथरतात का. मुली मान खाली घालून खरं ते 'हो' लिहायच्या. मुलगे शेजारच्याच्या कागदात डोकावायचे आणि त्याचं बघून 'नाही' लिहायचे. गणिताच्या पेपरात खोडरबरावरचं सूत्रसुद्धा पकडणारी मी, ही कॉपी उघड्या डोळ्यांनी सोडून दिली, कारण तिला मार्क नव्हते. मग बेरजा करून मुख्याध्यापिकाबाईंकडे नेऊन द्यायचे. त्या म्हणायच्या, "मुली बाई हळव्याच." मला शाळेत नन्सनी खरं बोलायला शिकवलं, खरं बोलल्याची शिक्षाही होते, हे मात्र कधी सांगितलं नाही.

घरी तरी काय वेगळं होतं? तुझा दादा दहावीला रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून ओकायचा. नळाच्या आवाजामागचं मला ऐकू यायचं. त्याने कागदावर 'नाही' लिहिलं आणि मी हुश्श केलं. तू सगळीकडे 'हो' लिहिलंस, आणि सहामाहीला गणितात दुसरी आलीस. तरी सोपं गणित तुझ्याच वाट्याला आलं. शाळेनेच तसं ठरवलं, असं मी तुला सांगितलं. त्या दिवशी तू तुझी कंपासपेटी दादाला देऊन टाकलीस.

शाळेने नुसतं विचारलं होतं, ठमे. सही माझी होती. फोनवर हे मला बोलवलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तू सही करू नकोस. चिऊचा हात थरथरतो तर थरथरू दे, गणितं बरोबर येताहेत तिची. आणि पोराला, शेजारी कोणी नसताना, तेच प्रश्न पुन्हा विचार. सकाळी नळ उगाच वाहत असला तर दाराशी जरा थांब. माझ्याशी बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव. सोमवार त्याआधी आहे.

तुझीच, एकदा सही करून बसलेली,
आई