दरीतली उडी

प्रिय चिमणे,

फोनवर बोलायला लागलो की मी हवापाणीच विचारत बसतो आणि तुझी फोन ठेवायची वेळ होते. म्हणून कागदच बरा.

नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलीस, तेव्हा जाताना माझ्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिलास. राजे, राक्षस, जादूगार, आणि कुठकुठल्या घरांत बसून एकाच वेळी खेळणारी माणसं. म्हणालीस, रोज संध्याकाळी तिथेच भेटत जाऊ. मी एका बोटाने चालणारा गडी, लढाईला आपला लांबूनच नमस्कार. एकत्र खेळणाऱ्या आपल्या टोळीतली पोरं टोमणे मारायची, आजोबा, राक्षस अंगावर आलाय आणि तुम्ही फुलं कसली वेचताय? मी लिहायचो, राक्षस काय, उद्याही येईल. हे ऊन जाईल. तिथली ओढ्याकाठची संध्याकाळ पाहिली की मला शाळेतला कवितेचा तास आठवे. गुरुजी डोळे मिटून चाल धरताहेत आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे डोलताहेत. त्या कविता मी तुझ्यासाठी एकेक अक्षर शोधून टाइप करायचो. ओळ पुरी होईस्तोवर खेळातली तुझी तलवारवाली योद्धी मुकाट माझ्यामागे उभी. लहानपणी गोष्ट ऐकताना तू अशीच गप्प व्हायचीस. त्या संध्याकाळच्या तासासाठी मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचो. हसू नकोस.

परवा झुलत्या पुलावर माझं बोट चुकलं आणि मी थेट दरीत. पाहतो तो मागोमाग तूही उडी घेतलेली. एवढ्या लढायांत कधी न पडलेली योद्धी, आणि म्हाताऱ्यापायी खाली. खरं सांगतो, ऊर भरून आला. टोळीत एक नर्स आहे, ड्यूटी संपली की खेळायला येते. तिला कौतुकाने लिहिलं, लेक असावी तर अशी. ती म्हणाली, आजोबा, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या लेकीने 'मागे चल'चं बटण दाबून ठेवलेलं असतं. तुम्ही जाल तिथे ती बाहुली येते, समोर कुणी बसलेलं नसतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुम्हाला सांगायचं कुणी?

मेलेल्याला उठायला तिथे एक बटण दाबावं लागतं. मी दाबलं, उठलो. तू पडूनच राहिलीस. जेवण निवून गेलं तरी मी दरीच्या काठावर उभा. वाटलं, आता तुझी नजर पडद्यावर जाईल, चुकचुकशील, उठशील.

तुला वेळ नसतो, हे मला कळतं गं. बाबा, आज नाही जमत, एवढं म्हणाली असतीस तर मी आपला एकटा फिरलो असतो. पण टोळीसमोर मी एका बाहुलीला कविता ऐकवत होतो, आणि ते तू होऊ दिलंस.

काल पुन्हा जाऊन पाहिलं. तलवारवाली तिथेच पडलेली. एक अक्षरही न लिहिता बाहेर आलो. आणि आज सकाळी, रोज येतो तसा तुझा निरोप आला: काल मस्त फिरलो ना बाबा, कविता तर फारच आवडली.

चिमणे, काल मी कुठलीच कविता म्हटली नाही. याआधीची एखादी तरी तू खरंच वाचली असशील, तर तिची एक ओळ लिहून पाठव. अर्धी आठवली तरी चालेल.

तुझाच,
बाबा