थाळीचे आठ रुपये

नाना, तुमच्या आठ रुपयांनी गेला महिनाभर माझं डोकं खाल्लंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि जिवंतपणी जेवढे प्रश्न तुम्हाला विचारले नाहीत तेवढे आता विचारावेसे वाटतात. मी आत्ता रत्नागिरीतच आहे. मारुती मंदिराच्या अलीकडे एका लॉजवर उतरलेय. खिडकीखाली रिक्षावाले भाड्यावरून हुज्जत घालताहेत आणि टेबलावर तुमच्या हातचे फॉर्म पसरलेत. फॉर्म म्हणजे त्यांच्या छायाप्रती; मूळ कागद वाळवीने निम्मे खाल्ले. तुम्ही असता तर आधी त्या वाळवीवरून कोणाची तरी खरडपट्टी काढली असतीत.

मी काय काम करते ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही सरकारी अन्वेषक. महिन्याच्या महिन्याला एसटीने गावोगाव जाऊन बागेतल्या बायांना मजुरी किती मिळते, बाजारात तांदूळ, तेल, सुकट काय भावाने आहे, ते लिहून आणायचात. मी पुण्यात खुर्चीत बसून तेच आकडे घेते, मजुरीला भावाने भागते आणि दिवसभराच्या कामातून बाईच्या पदरात खरोखर किती पडलं ते काढते. मग एक समीकरण मांडते. पाऊस, आंब्याचं पीक, मुंबईला गेलेले पुरुष, रस्ता, एवढं त्यात घातलं की ते सांगतं, या गावात या महिन्यात मजुरी साधारण इतकी असायला हवी. प्रत्यक्षातली मजुरी आणि ही अपेक्षित मजुरी यांच्यात जो फरक उरतो त्याला आम्ही अवशेष म्हणतो. अवशेष लहान असला की आम्ही खूश. मोठा निघाला की कोणाची तरी झोप उडते. या खेपेला माझी उडाली, कारण मोठा अवशेष निघाला पूर्णगडाच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, त्या गावाचा, आणि ते गाव तुमच्याकडे होतं.

झालं होतं असं, की तुमच्या नोकरीतल्या एका वर्षी आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या बागायतदारांनी कामावरच्या बायांना दुपारचं जेवण देणं बंद केलं. रोख मजुरी तीच ठेवली आणि पुढचं ताट काढून घेतलं. त्यामुळे आलेखात सगळीकडे मजुरीची रेघ खाली येते. तुमच्या गावाची येत नाही, ती आपली सरळ चालत राहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला, खरं सांगते, आनंद झाला. काहीतरी सापडलं म्हणून. मी लगेच कारणंही शोधली. या गावात मुंबईहून मनिऑर्डरी जास्त येत असतील, म्हणून बाया कमी पैशांत कामाला उभ्या राहत नसतील, वगैरे. भरल्या सभागृहात मी हे बोलले आणि लोकांनी माना डोलावल्या. मग एकाने सुचवलं, मूळ फॉर्म बघून घ्या एकदा. मी ते मागवले. रोख, वस्तुरूप, एकूण असे तीन रकाने. वस्तुरूपाच्या, म्हणजे जेवणाच्या किमतीच्या, रकान्यात दर महिन्याला आठ. जेवण बंद झाल्यावरही आठ. पुढची जवळजवळ दोन वर्षं आठ. नंतर एका महिन्यात आठाच्या जागी आडवी रेघ, आणि रोख रक्कम बरोबर आठाने वाढलेली. एकूण जिथल्या तिथे.

ते आठ आले कुठून, हे आता जगात फक्त मला माहीत आहे. वरून फर्मान आलेलं असतं, मजुरांना जेवण मिळत असेल तर त्याचीही किंमत लिहा. ती काढायची कशी, हे कोणी सांगितलेलं नसतं. रविवारची सकाळ आहे. तुम्ही वाण्याकडून तागडी मागून आणलीय आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला म्हणताय, "अगो, बागेत बायांना वाढतात तेवढा भात वाढ. हात आखडू नको." आई भात वाढते, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, वाटीभर सोलकढी. तुम्ही एकेक जिन्नस तोलता, भावाने गुणता, वहीत मांडता. "आणि लाकडं?" आई विचारते. तुम्ही लाकडं लिहिता. "आणि माझे हात?" तुम्ही फॉर्म खालीवर बघता आणि म्हणता, "त्याला रकाना नाही." "मग बसा गुणाकार करत," म्हणून ती ते ताट उचलते आणि माझ्यापुढे ठेवते. पिठलं पार निवलं होतं. सात रुपये आणि वर काही पैसे झाले होते, त्याचे तुम्ही आठ केलेत. वरचे पैसे हातांचे, असं तुम्ही हळूच पुटपुटलात, आणि आई पाठमोरी असूनही हसलेली मला कळली.

असा माणूस दोन वर्षं न दिलेल्या ताटाचे आठ रुपये लिहील? मला पटेना. तुम्ही मला जन्मात एकदाच रागावलात, तेही आवाज न चढवता. ओटीवर चष्मा पुसत होतात. "विचारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही," एवढंच म्हणालात, चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि आत गेलात. पुढे माझ्या विद्यार्थ्यांना मी हे वाक्य शंभर वेळा ऐकवलं असेल, वडिलांची शिकवण म्हणून. ते तुम्ही कशावरून बोलला होतात हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. इथेही ते शेवटीच लिहीन, आत्ता धीर होत नाही.

काल त्या गावाला जाऊन आले. तुमच्या वेळी बागेत कामाला असलेली एक म्हातारी अजून आहे. दारात बसून काजूच्या बिया निवडत होती. मी कोणाची कोण ते सांगितलं तर तिने माझा हातच धरला. "म्हंजे कागदवाल्याची लेक गो तू! उन्हातपन छत्री घेऊन यायचा तुजा बापूस." मी जेवणाचं विचारलं. "जेवान व्हता ना आदी. मग बंद केलान मालकानं. बोल्ला, परवडत नाय." मग आठ रुपयांचं विचारलं, तर ती हसायलाच लागली. तिने जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगायचं म्हणजे उलटंच आहे, तुम्हाला ते माझ्याआधी माहीत. तुमच्या खात्याची पद्धत अशी, की फॉर्म भरला की मालकासमोर मोठ्याने वाचायचा आणि त्याची सही घ्यायची. तुम्ही खळ्यात उभे राहून वाचायचात: रोख इतके, जेवणाचे आठ, एकूण इतके. बाया तिथेच कामाला, हंगामात आंब्याच्या पेट्या भरत असायच्या. जेवण बंद झालं तरी तुम्ही आठ वाचायचात आणि मालक मान खाली घालून सही करायचा.

"आमी ऐकायचो ना," म्हातारी म्हणाली. "मग आमी मालकाला बोल्लो, सरकारी कागदात येवडे लिवलेत, आनि तू सही केलीयस. मग दे येवडे. पयल्यांदा हाकलून दिलान. दुसऱ्या वर्षी आमी पेट्या भरायलाच बसलो नाय. ऐन तयार आंबा झाडावर. मग दिलान." मी विचारलं, जेवण बंद झालंय हे नानांना माहीत होतं का? तिने सुपातली एक किडकी बी उचलून अंगणात टाकली. "माहीत नसंल कसा? मीच इचारलं येकदा. सायब, जेवान तर बंद झाला, तुमी आठ कशाला वाचताय? तर बोल्ला, एक कागद पुढं गेलाय, तो आता मागं येत नाय. आनि छत्री उघडून चालाय लागला." परतीच्या एसटीत मी हे तुमचं वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्याच्याकडे बघत बसले. त्याचा अर्थ मला कळला. कळला म्हणूनच मी गोंधळलेय.

तुम्हाला माहीत होतं. शेवटी आठाच्या जागी रेघ मारलीत आणि रोख रक्कम वाढवून लिहिलीत, म्हणजे तुम्ही दर महिन्याला विचारत होतात आणि ज्या महिन्यात ते खरं झालं त्या महिन्यात फॉर्म खरा केलात. मग आधीची दोन वर्षं काय होतं? बायांच्या बाजूने मुद्दाम केलंत? तसं असेल तर मला तुमचा अभिमान वाटायला हवा, आणि तसा तो वाटतोही. पण मग लगेच वाटतं, खोटा आकडा तो खोटाच, आणि तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. की नुसतेच घाबरला होतात? आधीचा कागद चुकला हे वर कळवलं तर चौकशी लागेल, नोकरीवर येईल, म्हणून? की कोणाला तरी पाठीशी घालत होतात? एक धरावं तर दुसरं खरं वाटतं. माझ्याकडे इतकी समीकरणं आहेत नाना, पण माणसाने एखादी गोष्ट का केली ते काढायचं एकही नाही.

सोमवारी अहवाल पाठवायचाय. तो ज्या समितीकडे जाणार ती बागकामाचा किमान दर ठरवणार आहे. तुमचं गाव तसंच ठेवलं तर समिती म्हणेल, बघा, जेवण गेलं तरी बायांची मजुरी आपोआप टिकली, दर कशाला बांधायला हवा? गाव वगळलं तर त्या बायांनी आंबा झाडावर ठेवून जे मिळवलं ते कागदावरूनच जाईल. माझा सहकारी फोनवर म्हणाला, "मॅडम, शेजारच्या चार गावांची सरासरी घालून टाका की. कोणाला कळतंय?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की लॉजचा पोऱ्या दारात येऊन काय हवंय विचारून गेला. आणि खरं तेच लिहायचं तर काय लिहू? की इथली मजुरी पावसाने वाढली नाही, पिकाने नाही, मनिऑर्डरींनीही नाही. एक चुकीचा आकडा दर महिन्याला मोठ्याने वाचल्यामुळे वाढली? हे समीकरणात कुठे बसवू? आम्ही मजुरी मोजतो आणि मोजल्याने ती बदलत नाही असं धरून चालतो. माझं सगळं शिक्षण त्या धरून चालण्यावर उभं आहे.

आता ते शेवटचं. जेवण बंद झालं त्या महिन्यात तुम्हाला ताप भरला होता. माझी बारावीची परीक्षा संपलेली. तुम्ही मला फॉर्म दिलात, म्हणालात, जा आणि नीट विचारून ये. मी पूर्णगडला उतरले. ऊन असं होतं की सड्यावर चढायचं जिवावर आलं. थांब्यावर वर्गातली एक मैत्रीण भेटली, तिच्याबरोबर बर्फाचा गोळा खाल्ला, गप्पा मारल्या, आणि त्याच एसटीने परत फिरले. गेल्या महिन्याचे आकडे गाडीत बसून उतरवले, जेवणाचे आठ धरून. मालकाची सहीसुद्धा मीच केली. फॉर्म पोस्टात टाकला आणि घरी येऊन सांगितलं, सगळं तसंच आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतः गेलात, संध्याकाळी आलात, ओटीवर बसून चष्मा पुसलात.

तुमचं आणि माझं अक्षर इतकं सारखं की त्या फॉर्मात कोणाला फरक दिसायचा नाही. मला दिसतो, माझा आठ जरा उजवीकडे कलतो. अहवालाची तळटीप मी सकाळीच लिहून ठेवलीय: या गावातला एका महिन्याचा आकडा अन्वेषकाने प्रत्यक्ष न विचारता लिहिला, आणि पुढे तो तसाच चालू राहिला. वाक्य खरं आहे. त्याच्यापुढे अन्वेषकाचा क्रमांक द्यावा लागतो, तो तुमचा दिलाय. सकाळपासून तीनदा तो खोडायला घेतला. अजून खोडलेला नाही.