डोंगर दिसला की उठणारा हात

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या बालाजीचा मस्कतहून दंडवत. फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितोय. मला इथलं लायसन मिळालं. दहा वर्षं येरमाळ्यात जीप चालवली, तरी इथं नव्यानं परीक्षा द्यावी लागली.

पहिल्यांदा नापास झालो, ते तुमाला सांगितलं न्हाय. सकाळची वेळ होती. रस्ता असा गुळगुळीत, की गाडी चालतीय का मीच तरंगतोय, कळंना. तेवढ्यात धुरकट उन्हातनं एक उघडाबोडका डोंगर वर आला, अगदी आपल्या येडाईचाच. वाटलं, आता देवळाची कमान दिसंल, नारळवाल्या हाका मारतील. माझा उजवा हात आपोआप कपाळाला गेला.

शेजारच्या साहेबानं विचारलं, "स्टेरिंग का सोडलं?"

म्या म्हणलं, "आमची देवी."

त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

दुसऱ्यांदा नापास झालो असतो तर कंपनीनं घरी धाडलं असतं. आईला हे सांगू नका. दुसऱ्या परीक्षेच्या दिवशीही तोच डोंगर आला. म्या दोन्ही हातांनी स्टेरिंग घट्ट धरलं अन् मनातच पाया पडलो. येडाई रागावली नसंल ना?

बोअरला पाणी हाय का?

आई म्हणत होती, तुमचा हात हल्ली लई थरथरतो, तरी रोज देवळावरनं जीप नेता. अण्णा, तिथं हात सोडायला तुमीच मला शिकवलं. आता शेजारी आईला बसवा, देवीला हात तिला जोडू द्या. तुमी स्टेरिंग सोडू नका.

तुमच्या शेजारी बसून शिकलेला,
बालाजी