डाव्या मांडीवरची खूण

१४ मार्च

चार महिने एक ओळही लिहिली नाही. वही, माफ कर. संध्याकाळी बोटं निळी असतात, तुझी पानं मळतील, अशी सबब मी स्वतःला देत आले. खरं कारण वेगळं आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून लिहायला बसलं की तक्रारच उतरते, आणि तक्रार करणारी मी मला आवडत नाही.

आज मात्र राग आवरत नाही. ओसाकाहून आलेली नवी नर्स पहिल्यांदाच घरी आली. सासूबाईंच्या उजव्या हाताची बोटं निळी दिसली, तशी तिचा चेहराच उतरला. बोटाला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा चिमटा लावला. आकडा सत्त्याण्णव. तरी विश्वास आकड्यावर नाही, डोळ्यांवर! डॉक्टरांना फोन. म्हातारे डॉक्टर अर्ध्या जेवणातून उठून आले. स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा निळा, बोट गुलाबी.

"मुली, या जीन्सच्या गावात, कोजिमात, निळं बोट दिसलं की आधी बोळा फिरवायचा, मग फोन," ते म्हणाले.

सासूबाई हसल्या. नर्स नाही हसली. जाताना दारात मला म्हणाली, "घरातल्या माणसाने तरी हात बघायला हवेत."

मी! दिवसातून आठ वेळा तो हात हातात घेणारी मी!

(पण बघितला होता का? निळा दिसला होता. मनात पहिल्यांदा चादरीचा विचार आला होता, हाताचा नाही. हे लिहून ठेवते.)

१५ मार्च

दोष जीन्सचा. नोव्हेंबरात आमच्या कारखान्याचे मालक हिरामात्सू यांनी मला दिली. पंचवीस औंसांचं, पुठ्ठ्याइतकं जाड कोरं कापड, पाण्याचा स्पर्श नाही. जमिनीवर ठेवली की उभी राहायची. अट अशी — वर्षभर रोज घालायची, सहा महिने धुवायची नाही. मग ती दुकानात टांगतात, शेजारी चिठ्ठी लावतात: कोणी घातली, काय काम करताना. गिऱ्हाईक ती बघून नवी घेतं.

पहिल्या आठवड्यात गुडघ्यांमागची कातडी सोलली. जिना चढताना पुठ्ठा दुमडल्यासारखा आवाज. आणि रंग! भिंतीच्या कोपऱ्यावर, संडासाच्या बैठकीवर, माझ्या पोटऱ्यांवर. मी सकाळी कारखान्यात तपासनीस, दुपारपासून घरी. सासूबाईंच्या गादीशेजारी गुडघे टेकून बसते, त्या उजव्या हाताने माझी डावी मांडी पकडतात आणि त्या आधाराने उठून बसतात. म्हणून बोटं निळी. यात कोणता आजार आला?

मांडीवर गडद टॉवेल ठेवून बघितला. सासूबाई म्हणाल्या, "घसरतो. काढ तो. निळी झाले तर झाले, पडले तर काय करशील?"

२२ मार्च

चादरीची कडा पुन्हा निळी. थंड पाणी, वेगळी बादली.

१९ मे

पहिली धुलाई. उलटी करून, टबात, थंड पाण्यात. पाणी दौतीतल्या शाईसारखं. सावलीत वाळत घातली.

हिरामात्सूंनी गिऱ्हाइकांसाठी कागद छापलाय: मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो. होत नाही! नीळ धाग्याच्या वरच बसते, घासली की सुटते. गडद कपड्यांवर बसा, पांढऱ्या सोफ्यापासून लांब राहा, एवढं खरं सांगितलं तर काय बिघडतं? सांगितलं त्यांना.

"लोकांना काहीतरी करायला आवडतं, मोरिवाकीबाई. मीठ स्वस्त आहे."

१८ नोव्हेंबर

वर्ष झालं. जीन्स दिली. मालकांनी उजेडात धरली. दोन्ही गुडघे आभाळाच्या रंगाचे, कडेच्या शिवणीवर दोरासारखा पीळ, आणि डाव्या मांडीवर चार फिके पट्टे.

"हे काय? दोरीचे?"

"सासूबाईंची बोटं."

त्यांना ती थट्टा वाटली.

२१ नोव्हेंबर

दुकानात चिठ्ठी लागली. 'कोळी, वय ३८. समुद्रावर एक वर्ष. डाव्या मांडीवर जाळ्याच्या दोरीची खूण.'

"कोण हा कोळी?" मी विचारलं.

"असेल कुणीतरी. सेतो समुद्रात कोळी कमी आहेत का?"

"आणि गेल्या वर्षीच्या चिठ्ठीतला सुतार?"

"माझा जावई." जराही लाजले नाहीत. "अहो, आजाऱ्याची उस्तवार करताना झिजलेली पँट बघून नवी कोण घेईल? लोकांना वारा हवा, खारं पाणी हवं."

माझ्या गुडघ्यांवर त्यांचा वारा!

२३ नोव्हेंबर

नीट विचार केला. मला खोटेपणाचा राग आहे की नाव गेल्याचा? दोन्हींचा. दुसरा जास्त. लाज वाटते, पण तसं आहे.

२५ नोव्हेंबर

प्रत्येक जीन्सच्या खिशात तपासणीची चिठ्ठी जाते, त्यावर माझा शिक्का. आज शिक्का खणात ठेवला. म्हटलं, खऱ्याखोट्याची पर्वा नाही तर तपासनीस कशाला? दुपारपर्यंत चाळीस जीन्स शिक्क्याविना पडून. हिरामात्सू दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा कोरा पुठ्ठा आणि पेन घेऊन आले.

"लिहा. तुमच्याच अक्षरात लिहा. नाही खपली तर मला सांगू नका."

मी लिहिलं: 'कानाए मोरिवाकी, वय ४६, तपासनीस. एक वर्ष. गुडघे सासूबाईंची सेवा करताना झिजले.'

घरी चालत आले. बस सोडून दिली. इतकं हलकं वाटत होतं.

२६ नोव्हेंबर

जेवताना सासूबाईंना चिठ्ठी म्हणून दाखवली. त्या पेज खात होत्या. चमचा खाली ठेवला.

"आणि मांडीचं?"

"ते नाही लिहिलं, आई."

"बत्तीस वर्षं शाळेच्या गणवेशांना काजं केली मी. एकाही गणवेशावर माझं नाव नाही. कारखान्याचं समजू शकते." मग खारवलेल्या आलुबुखारातली बी काढत बसल्या. "हिरामात्सूने निदान दोरी तरी लिहिली होती."

चिठ्ठी लिहिताना ते पट्टे आठवले होते का? आठवले होते. पुठ्ठ्यावर जागा नव्हती, असं लिहिणार होते. जागा होती. तीन बोटं जागा होती.

२७ नोव्हेंबर

उद्या — चाकाच्या खुर्चीतून सासूबाईंना दुकानात नेणे. चिठ्ठी त्या लिहितील.